वैलाच्या चुलीचा वाद

घरमालक म्हटला की तो भाडेकरू घरात असताना भांडतो. आमचे पहिले घरमालक मात्र भाडेकरूनं घर सोडल्यावर खऱ्या अर्थानं भांडायला बसत. पिंपरीला नवा कारखाना निघाला, त्यात मला नोकरी लागली आणि चिंचवड गावात आबांच्या घराची पुढची खोली आम्ही घेतली. आबा एकटेच होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आम्ही राहत होतो तोवर त्यांनी एक वाकडा शब्द काढला नाही. फक्त खिळा ठोकायचा झाला की ते येत, बोटानं भिंत वाजवत, तिला कान लावत आणि भलतीच जागा दाखवत. "हितं ठोका. हितं तिला दुखायचं न्हाई." त्यामुळे आमचा आरसा आढ्याजवळ लागला आणि तिथं असेपर्यंत मी दाढी स्टुलावर उभं राहून केली.

आमच्या आधीचा भाडेकरू जाताना कपडे वाळत घालायची दोरी घेऊन गेला, म्हणून आबा भोसरीला त्याच्या नव्या घरापर्यंत चालत गेले, तिथं मुक्काम ठोकला आणि जेवूनखाऊन परतले. दोरी कुठं आहे विचारलं तर म्हणाले, "अजून मिटलं न्हाई. पुन्यांदा जावं लागंल." हे ते इतक्या खुशीत सांगत होते की मला त्यांच्या डोक्याचीच शंका आली.

यथावकाश कारखान्यानं आम्हाला क्वार्टर दिली. बिऱ्हाड हलवून आठवडा होतोय तोच रविवारी आबा दारात हजर. तक्रार चुलीची होती. खोलीतल्या चुलीला माझ्या बायकोनं शेजारी वैल जोडून घेतला होता. एका जाळावर इकडे आमच्या भाकरी होत आणि तिकडे वैलावर आबांची आमटी रटरटत असे. "खोली दिली तवा वैल न्हवता," आबा म्हणाले. "जशी दिली तशी पायजे. मोडून द्या."

"मी घातलेली चूल माझ्या हातानं मोडायची नाही," बायको म्हणाली. "तुम्हीच मोडा."

"नांदत्या बाईची चूल मी मोडू? मला पाप लावतीस व्हय?"

झालं, घोडं अडलं. दर रविवारी आबा यायचे, चहा व्हायचा, वाद व्हायचा, जेवण व्हायचं, आणि जाताना "फुडच्या ऐतवारी बघू" म्हणून दम देऊन जायचे. तिकडे खोली रिकामीच. कारखान्यामुळे गावात जागेसाठी माणसं वणवण फिरत होती, पण आबा त्यांना दारातूनच लावून देत. "खोलीचं भांडान चालू हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं उगाच नुकसान होतंय. एका रविवारी मी म्हणालो, "आबा, उद्या गवंडी पाठवतो. तो वैल काढून देईल, वाद संपला." आबांचा चहाचा पेला हातातच राहिला. "बरं," एवढंच म्हणाले आणि न जेवता उठले.

गवंडी हात हलवत परत आला; आबांनी दार उघडलंच नव्हतं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. बायकोनं त्यांच्या वाटची भाकरी झाकून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मिटवायला?" मग जरा वेळानं म्हणाली, "जा चिंचवडला. सांगा, माझा जात्याचा खुंटा तिथं राहिलाय. मला तो परत हवाय."

आबा ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली. मी आवाज होईल तेवढा कडक केला आणि खुंटा मागितला.

"खुंटा माझा हाय," ते हळूच म्हणाले. "न्हाई मिळायचा."

"ते तिला सांगा."

"सांगतो की. भितो का काय तिला?" म्हणत त्यांनी खुंटीवरचं मुंडासं काढलंसुद्धा.

पुढे माझी बदली झाली. त्यानंतर कितीतरी घरं सोडली. प्रत्येक ठिकाणी किल्ली दिली, नमस्कार केला, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. त्यातल्या एकाही घरमालकाचा चेहरा आज मला आठवत नाही. आबा गेल्याचं कळलं त्या दिवशी बायको म्हणाली, "वैल तसाच असेल हो. त्यांनी काही तो मोडला नसेल."