तळीचा पाचवा माणूस

सोळा वर्षं मी खंडोबाशी अबोला धरला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहून त्याच्यासमोर पुन्हा उभं राहता येणार नाही. अबोल्याचं कारण देव नव्हता, माझा चुलतभाऊ होता. त्याचं सगळं चांगलं झालं आणि माझं झालं नाही, हा हिशेब मी देवावर टाकला होता.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होतो. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, थोरल्या चुलत्यांचा मुलगा. पडेगावच्या पुढे आमचं गाव. दोन्ही घरांच्या शेळ्यामेंढ्या एकत्र चरायच्या आणि आम्ही दोघं एकाच घोंगडीवर झोपायचो. पुढं औरंगाबादला भरती निघाली तेव्हा आम्ही दोघंही गेलो. पायदळाच्या रांगेत फार गर्दी होती. दादा तिथं उभा राहिला, मी शेजारच्या लहान रांगेत शिरलो. ती नौदलाची होती. गोदावरीपलीकडे पाणी न पाहिलेला मी अशा रीतीनं खलाशी झालो.

तो हवालदार होऊन परत आला. त्याला पेन्शन मिळाली, कॅन्टीनचं कार्ड मिळालं, आणि शाळेच्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. मला आठ वर्षांतच घरी पाठवलं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात ‘सेवेची गरज नाही’ असा शेरा होता आणि चारित्र्याच्या रकान्यात असा एक कोमट शब्द होता, की तो वाचणारा प्रत्येक साहेब पुस्तक मिटून माझ्याकडं परत सरकवायचा. गोदामावरच्या पहारेकऱ्याची जागासुद्धा त्या एका शब्दापायी दोनदा गेली. गावात मला ‘नेव्ही’ म्हणायचे. पण झेंडावंदनाला नेव्ही लिंबाच्या झाडाखाली उभा असायचा. दादाच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर होता. तशी पेटी माझ्याकडंही होती. मी तिचं नावाचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं होतं.

मत्सर काय असतो ते मला विचारा. दादाच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याचा बैल आजारी पडला तेव्हा मी विचारपूस करायला गेलो, पण खरं म्हणजे बघायला गेलो होतो. कॅन्टीनचा साबण तो आमच्या घरी पाठवायचा. बायको त्यानं कपडे धुवायची आणि तो वास अंगाला घेऊन मी दिवसभर धुमसत असायचो.

मला काढलं का, तेही सांगतो. त्या साली मी महिन्याच्या रजेवर आलो होतो. रजा संपायला चार दिवस असताना माझे वडील, आबा, पोट धरून कोसळले. बैलगाडीनं सडकेवर आणि तिथून एस्टीनं त्यांना घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी त्यांच्या उशाशी बसलो. दादाही तेव्हा नुकताच दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. रजा वाढवून मागणारा मजकूर मी एका कागदावर लिहिला, जहाजाचा पत्ता घातला आणि म्हणालो, “दादा, एवढी तार करून ये.” संध्याकाळी तो परत येऊन म्हणाला, “केली रं. पावती आईपाशी दिलीय.” आई म्हणजे त्याची आई, आमची थोरली आई.

मी दीड महिना उशिरा परत गेलो. तार मिळाली नाही असं मला सांगण्यात आलं. आमचं जहाज तेव्हा मुंबई सोडून दक्षिणेला गेलं होतं. तार त्याच्या मागून फिरत राहिली असेल, हे आता कळतं. तेव्हा मला एकच प्रश्न होता, “पावती आहे?” मी घरी पत्र टाकलं. थोरली आई तोवर वारली होती. दादाच्या घरून उत्तर आलं, सगळीकडं शोधली, सापडत नाही. मी शिक्षा भोगली. पुढं आणखी एक-दोन गोष्टी माझ्या नावावर लागल्या, कारण मनच उडालं होतं, आणि शेवटी पुस्तक हातात घेऊन मी गावच्या सडकेवर उतरलो. उतरतानाच मी ठरवलं होतं, की दादानं तार केलीच नव्हती. दोघांनी एकदम भरती व्हायचं आणि पुढं एकानंच जायचं, असं त्याच्या मनात असणार. माझ्या मनात असतं तर मीही तेच केलं असतं, म्हणून मला ते इतकं खरं वाटलं.

आमच्या घराण्यात चंपाषष्ठीला तळी उचलतात. ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबरं आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद, ठेवायची आणि घरातल्या पाच पुरुषांनी ताम्हणाला हात लावून येळकोट करत ते वर उचलायचं. थोरले चुलते आणि आबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे देव थोरल्या घरी, म्हणजे दादाकडं गेले. देवांबरोबर भंडाऱ्याचा पितळी डबाही गेला. त्या डब्याचा आमच्यात एक नियम आहे. तो कधी रिकामा करायचा नाही. जुन्या भंडाऱ्यावर नवा घालायचा, वरवरचा वापरायचा आणि तळचा तसाच ठेवायचा. दादा नोकरीत असतानाही तळीला रजा काढून यायचा, पण गावी परतल्यापासून मी त्या तळीला गेलो नाही. पेन्शन त्याची, खुर्ची त्याची, आता देवही त्याचे, मग माझा हात कशाला, असं मी म्हणायचो. वहिनी दर वर्षी भरीत आणि रोडगा झाकून पाठवायची. मी तो बायकोच्या पुढ्यात सारायचो आणि भाकरी मागायचो.

पुस्तकातला शेरा बदलून मिळावा म्हणून मी दोन अर्ज केले. दुसरा अर्ज परत आला तो मार्गशीर्षातल्या एका सकाळी. रजा संपण्याआधी कळवल्याचा काही पुरावा असेल तर जोडावा, नाहीतर विचार करता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. तो कागद घेऊन मी शहरातल्या सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं समजुतीनं सांगितलं की आता हाच शेवटचा अर्ज समजा. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. शेजारी एक म्हातारा माजी सुभेदार बसला होता. पांढरी दाढी, एका पायानं अधू, आणि पायाशी एक गावठी कुत्रं. तो कुत्र्याला बिस्किटं चारत होता. त्यानं विचारलं नसतानाही मी त्याला सगळं सांगितलं. इतकी वर्षं ते मी कुणापुढं बोललो नव्हतो.

“तार तुम करे क्या?” त्यानं विचारलं.

“नाही, चुलतभावानं.”

“तो इधर काय कू बैठे मियाँ? जो तार करा उसके घर जाव.”

“सोळा वर्षांत त्याच्या देवघराची पायरी चढलो नाही.”

“फिर काग़ज़ कू क्या दोस देते?” तो म्हणाला आणि कुत्र्याकडं वळला.

राग आला, पण उठलो. पुढं त्याला सांगायला म्हणून मी दोनदा त्या बाकापाशी गेलो. असा कुणी म्हातारा तिथल्या लोकांना आठवत नव्हता. दुसऱ्या जिल्ह्यातून कामाला आला असेल. मी त्याबद्दल अधिक काही म्हणत नाही.

त्या दिवशी चंपाषष्ठी आहे हे गावाच्या वेशीत हलगी ऐकली तेव्हा लक्षात आलं. घरी न जाता तसाच दादाच्या दारात गेलो. आत तळीची तयारी चालली होती. दादा, त्याचे दोन मुलगे आणि आमचे धाकटे काका ताम्हणाभोवती बसले होते. मला पाहून वहिनीच्या हातातलं पान तसंच राहिलं. दादा नुसता सरकला आणि शेजारची जागा मोकळी करून म्हणाला, “ये. टेक.”

मी बसलो, पण मन काही बसलं नाही. माझी नजर भिंतीवर गेली. तिथं त्याची पदकं काचेत लावलेली होती, आणि काच पुसलेली होती. ताम्हण उचललं. येळकोट झाला. सोळा वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द निघाला, तोही अर्धाच. मग थोरल्यानं धाकट्यांना भंडारा लावायचा असतो. दादा तो पितळी डबा घेऊन माझ्यापुढं आला. त्याच्यापुढं कपाळ वाकवायचं, ही गोष्ट माझ्यानं होईना. “राहू दे, मी लावून घेतो,” म्हणत मी डब्याला हात घातला. त्यानं सोडला नाही, मी ओढला, आणि डबा दोघांच्या हातून सुटून फरशीवर आपटला.

जे आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं ते झालं. डबा रिकामा झाला. सगळं देवघर पिवळं झालं. धाकटे काका डोक्याला हात लावून खाली बसले. चूक माझी होती आणि ती कशापायी झाली हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी खाली वाकून दोन्ही हातांनी भंडारा भरू लागलो. तळाचा जुना थर भाकरीसारखा घट्ट होऊन निघाला होता. तो उचलताना मोडला आणि त्यातून घडी घातलेला एक कागद बाहेर आला.

वहिनीनं तो उलगडला. तार ऑफिसची पावती होती. शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं हळदीत राहूनही शाबूत होती. जहाजाचं नाव होतं, मुंबई होतं, आणि गोल शिक्क्यात माझी रजा संपण्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. थोरल्या आईची सवय वहिनीला आठवली. कोणताही सरकारी कागद ती आधी भंडाऱ्यात खुपसायची. ट्रंका शोधल्या, फडताळं शोधली, पण देवाचा डबा उलटा करून बघायचं कुणाच्या मनात येणार?

दादानं पावती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. “तुला वाटलं मी केलीच नाय?”

मी होय अशी मान हलवली.

“मंग येवढी सालं बोलला का नाय? मला वाटलं, माझं बरं झालेलं तुला सोसत नाय.”

“तेही होतंच,” मी म्हणालो. आयुष्यात त्याच्याशी इतकं खरं मी पहिल्यांदा बोललो. तो खाली बसला आणि माझ्याबरोबर भंडारा भरू लागला.

तिसऱ्या अर्जाला पावती जोडली. तार करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्रही लागलं. दादा पदकं लावून कचेरीत आला. ज्या स्वच्छ पुस्तकावर मी जळत होतो ते त्यानं माझ्यासाठी टेबलावर ठेवलं. बाबूनं त्यातला चारित्र्याचा शब्द वाचला आणि जरा सावरून बसला. तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला, ते लपवत नाही.

पण अर्ज लिहिताना एक गोष्ट उरली होती. दीड महिन्यातले शेवटचे आठ दिवस आबांसाठी नव्हते. ते घरी आले होते, भाकर खात होते. त्या आठवड्यात गावानं दादाचा सत्कार ठेवला होता. मी निघून गेलो तर त्याच्या एकट्याच्याच गळ्यात हार पडेल, म्हणून मी थांबलो होतो. हार मलाही पडला, आणि तो फार महाग पडला. हे लिहिलं तर अर्ज बुडेल अशी भीती होती. मग मनात आलं, ज्या देवानं कागद इतकी वर्षं जपला त्याच्यापुढं अर्धाच कागद कसा ठेवायचा? मी आठ दिवसांचं लिहिलं आणि खाली सही केली. त्या क्षणी अर्ज माझा राहिला नाही. काय व्हायचं ते त्याच्यावर सोपवलं, आणि कितीतरी वर्षांनी मला दुपारी गाढ झोप लागली.

उत्तर यायला पुढच्या मार्गशीर्षाची वाट पाहावी लागली. नोकरीतून काढल्याचा शेरा कायम राहिला होता. पण चारित्र्याच्या रकान्यातला शब्द बदलला होता. तिथं आता ‘चांगले’ असं होतं. मी तो कागद घेऊन तळीच्या दिवशी दादाकडं गेलो आणि वहिनीला म्हणालो, “हा भंडाऱ्यात ठेवा.”

तिनं कोनाड्यातून एक फडक्याचं गाठोडं काढलं आणि माझ्यापुढं सोडलं. आत सुपाऱ्या होत्या. काही अगदी वाळून काळ्या पडलेल्या, सगळ्या हळदीनं माखलेल्या.

“ह्या कशाच्या?”

“तुमच्या,” ती म्हणाली. “तळीला पाच लागतात. चौघं असायचे. शेजारचा माणूस घ्यायला हे तयार नव्हते. म्हणायचे, आमचा पाचवा हाय, त्येच्या नावानं सुपारी धरा. दर साली एक धरलीय.”

दादा दुसरीकडं बघत ताम्हण पुसत होता. मी त्या सुपाऱ्या ओंजळीत घेतल्या. ज्या वर्षी दादाची विहीर लागली आणि मी उपाशी राहिलो, त्या वर्षाचीही त्यात एक होती. ज्या कागदावर माझी गरज नाही असं लिहिलं होतं तो मी इतकी वर्षं उराशी धरला होता, आणि इथं देवापुढं माझी जागा एकदाही दुसऱ्याला दिली नव्हती.

दादा डबा घेऊन पुढं आला तेव्हा मी कपाळ वाकवलं. मग पानावर बसून वहिनीनं वाढलेला भरीत-रोडगा खाल्ला, आणि आणखी मागून घेतला.