तिचं व्हायचंय अजून

देवावर रागवायला मला माझ्या नवऱ्याने शिकवलं.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

तुमच्यातले बरेच जण त्यांना शांतवन मेस्त्री म्हणून ओळखायचे. रत्नागिरीच्या खाडीवर होड्या बांधायचे, दुरुस्त करायचे. बोलणं कमी. घरी बसले तरी हात कुठल्यातरी फळीवर.

मी शाळेत गेलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून करून वाचायला शिकले. मोबाईलवर टाईप करायला नातीने शिकवलं. चुका पोटात घाला.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी नवी सून.

आमचं घर मोहल्ल्याला लागून. घरात घड्याळ नव्हतं. मशिदीत संध्याकाळची बांग झाली की सासूबाई कंदील लावायच्या, चटई घालायच्या, आणि आमची प्रार्थना सुरू.

शेजारची हलीमाचाची हसायची.
"आमची बांग नि तुमची प्रार्थना एकाच टायमाला. त्याने ऐकायचं तरी कुणाचं गो?"

घरात रीत अशी, की प्रत्येकाने आपल्या वाटचं मोठ्याने बोलायचं. आधी सासूबाई. मग हे. शेवटी मी. मग सगळ्यांनी मिळून आमेन.

हे प्रार्थनेत होड्यांची नावं घ्यायचे. ज्या ज्या होडीला हात लावला, ती सुखरूप परत येऊ दे म्हणायचे. होडी कुणाची, हिंदूची की मुसलमानाची, याचा संबंध नाही.

मग आमची पहिली मुलगी गेली. एस्तेर. नुकती रांगायला लागली होती. तापाने गेली.

त्यानंतर मी चटईवर बसायची, पण तोंड उघडायची नाही.

सासूबाई वाट बघायच्या आणि म्हणायच्या, "म्हण रे आमेन, शांतवन. चुलीवर भात आहे."

"थांब आई. तिचं व्हायचंय अजून."

"ती बोलायची नाही!"

"नाही बोलली तरी वेळ तिचीच आहे."

आणि आम्ही बसून राहायचो. कंदिलाभोवती चिलटं फिरायची. स्वयंपाकघरातून वास यायचा.
त्या पावसाळ्यात आमच्या घरी करपलेला भात फार खाल्ला गेला.

त्यांनी मला एकदाही "बोल" म्हटलं नाही. एकटी असताना समजावलंही नाही. मला त्याचाही राग यायचा.

मनातून मी ठरवून टाकलं होतं. या देवाशी माझं संपलं.

एका संध्याकाळी होड्यांची नावं घेऊन झाल्यावर हे म्हणाले,
"आणि आम्हाला एस्तेर दिलीस, तुझे उपकार."



त्यांचं झालं. माझी वेळ आली. नेहमीसारखी शांतता. सासूबाई उठायच्या बेतात.

मी ओरडले.
"देवा, मला तुझ्याशी बोलायचं नाही! माझी पोर नेलीस, आणि वर आमच्याकडून उपकार कसले मानून घेतोस?"

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "शांतवन! गप्प कर तिला!"

हे म्हणाले, "आमेन."

अगदी स्पष्ट. रोज म्हणायचे तसंच.

"ही काय प्रार्थना झाली?"

"मग कुणाशी बोलली ती, आई? भिंतीशी?"

मी रडत होते. थांबेचना. सासूबाई घाबरल्या. तेव्हा हे त्यांना म्हणाले, "होडी बरेच दिवस कोरडी पडली की फळ्यांना फटी पडतात. पाण्यात लोटली की आधी आत पाणी घेतेच. माणसं घाबरतात. पण भिजून फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. घेऊ दे तिला पाणी."

त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सकाळी विहिरीवर चाची.
"काल भांडण झालं काय गो घरात?"
"हो."
"सासूशी?"
"देवाशी."
चाचीने कळशी खाली ठेवली. "या अल्ला! नि नवरा कुणाच्या बाजूने?"
"माझ्या."
"मग सांभाळ गो त्याला. आमचा तर मासळीच्या भांडणातसुद्धा माझ्या बाजूने नसतो."

एस्तेर गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढे बरेच दिवस मी फक्त भांडले. मग एकदा भांडता भांडता, ह्यांचा खोकला बरा कर, असं तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटच्या प्रार्थनेत म्हणाल्या, "माझ्या सुनेचं ऐक देवा. ओरडते, पण खोटं बोलत नाही."

आत्मा सांभाळायचा म्हणजे काय, यावर मी नंतर पुष्कळ वाचलं. मला समजलं ते त्या चटईवर.

गेल्या वर्षी शेवटच्या आजारात ह्यांची वाचा गेली. तरी संध्याकाळी आम्ही खाटेभोवती बसायचो. त्यांची वेळ यायची. पहिल्या दिवशी आमची मार्था पुढे बोलायला लागली, कारण बाबांना बोलता येत नव्हतं.

मी म्हटलं, "थांब. त्यांचं व्हायचंय अजून."

थांबलो. त्यांचा हात चादरीवर फिरत होता, रंधा मारल्यासारखा. कुठली होडी होती कोण जाणे.

हात थांबल्यावर मी म्हटलं, "आमेन."

आज संध्याकाळी बांग झाली. आता ती भोंग्यावर होते. चटई जाऊन खुर्च्या आल्या, गुडघे ऐकत नाहीत. मार्था बोलली. मग ह्यांच्या वेळेला आम्ही दोघी गप्प बसलो. मग माझी वेळ आली.

मी म्हटलं, "देवा, आज मला तुझ्याशी बोलायचं नाही."

मार्था डोळे न उघडता म्हणाली, "आमेन."

अगदी बापासारखं.

येते हो मेस्त्री, माझं झालं की.
तोवर सलाम.