शेवटी कोण आलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिच्यापासून बाकी काही लपत नाही, तरी हे नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण आबा आता नाहीत. म्हणजे बघा, खरं बोलायलाही त्यांच्या जाण्याची वाट पाहिली.

नव्वदनंतर विमान कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. पुण्यातल्या तसल्याच एका छोट्या कंपनीत मी काउंटरवर होतो. गळ्यात टाय, आणि गावी लासुर्ण्याला गेलो की रुबाब असा, जणू विमान मीच उडवतो. विमान केवढं? एसटीच्या निम्मी माणसं मावायची. पण गावाला काय ठाऊक?

आबा आमचे शेजारी. त्यांचा दत्तू माझ्या वर्गातला, पुढं ट्रकवर ड्रायव्हर झाला. हैदराबादजवळ त्याचा अपघात झाला. दवाखान्यातून निरोप आला — लवकर या. आबा इंदापूरला जाऊन सरळ तिकडची गाडी धरणार होते. मीच फोनवर म्हणालो, "एसटीनं कुठं जाताय आबा? पुण्याला या. दुपारच्या विमानात बसवतो." पोर तिकडं, आणि बापाला मी उलट्या दिशेला बोलावलं! मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय?

मे महिना होता. उन्हाच्या तडाख्यात छोटं विमान पुरतं वजन उचलत नाही, म्हणून आम्ही सामानाबरोबर माणसंही तोलायचो. आबा काट्यावर उभे राहिले, खांद्यावर घोंगडी. तशातही म्हणाले, "कारखान्यावानी काटा मारू नगंस बाबा."

मग पायलटचा निरोप आला — एक माणूस कमी करा.

नियम साधा होता. जो शेवटी आला, तो उतरणार. शेवटी आला होता एक ठेकेदार. घाम पुसत, येतायेताच सगळ्यांवर खेकसत. त्याला थांबवलं असतं तर त्यानं काउंटर डोक्यावर घेतलं असतं. माझी नोकरी — नाही, नोकरी गेली नसती. मी त्याच्या आवाजाला भ्यालो, एवढंच. आणि आबा? आबा आपले. आपलं माणूस समजून घेतं, असं म्हणतो ना आपण? म्हणून तर सुरी त्याच्याच मानेवर चालवतो.

"आबा, शेवटी आल्याला उतरवत्यात," मी म्हणालो. "तुमी शेवटी आलाय."

ते ठेकेदाराच्या कितीतरी आधीपासून बाकावर बसून होते. माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय? तू म्हणतूस तर आसंल."

भांडले का नाहीत? भांडले असते तर मी काय केलं असतं? माहीत नाही. मी त्यांना रिक्षात बसवून एसटी स्टँडला धाडलं. आल्या वाटेनं परत, इंदापूरवरूनच, ते हैदराबादला गेले. पोचले तेव्हा दत्तूवर चादर ओढलेली होती. शुद्ध होती तोवर ‘आबा आले का’ एवढंच विचारत होता म्हणे.

कंपनी पुढं बुडाली, मी बारामतीत एका कारखान्यात लागलो. आबांना टाळायचो. एकदा रस्त्यात गाठून त्यांनी घरी नेलंच. काकूंनी चहा आणला — एकच कप, माझ्यापुढं ठेवला.

"आबांना?"

"त्यांनी सोडलाय," काकू म्हणाल्या. "दत्तू गेला तवापासनं."

आबा म्हणाले, "त्या दिशी पुण्याला तुज्याकडं येताना बारामतीच्या ष्ट्यांडवर च्या प्यायला थांबलो रं. हातची गाडी सोडली. तितंच उशीर झाला. न्हायतर पोराचं त्वांड दिसलं असतं. तुजा काय दोस न्हाय त्यात."

तेव्हा सांगता आलं असतं. दोघंही समोर होती. एवढंच म्हणायचं होतं — आबा, तुम्ही शेवटी आला नव्हता.

मी चहा प्यालो. चांगला झालाय, असंही काकूंना म्हणालो.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. चहाला शिवले नाहीत.