फळ्यावरचा फुगवटा

आयटीतली नोकरी सोडून मी भवानी पेठेत, लाकूड बाजाराच्या मागे गाळा घेतला आणि त्यात सीएनसी राउटर आणून ठेवला. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी फिरतं बिट लाकडात कोरतं, एवढंच ते यंत्र. मला कॉम्प्युटर कळायचा, लाकूड नाही. लाकूड कळणारे चाचा शेजारच्या मोमिनपुऱ्यातून रोज चालत यायचे. तीस वर्षं मुरलेले मिस्त्री, आणि माझी अखंड बडबड बिनतक्रार ऐकून घेणारा पुण्यातला बहुधा एकमेव माणूस.

या यंत्राच्या टेबलावर एमडीएफचा एक फळा बसवावा लागतो. कपाटाचं दार कापताना बिट त्याच्या आरपार गेलं, की टेबलाऐवजी हा फळा मार खातो. तो असतोच बळी द्यायला. पण सपाट मात्र अगदी काटेकोर हवा, नाहीतर वर ठेवलेल्या दारावरची खाच कुठे खोल जाते, कुठे उथळ. चाचांनी तो स्क्रूंनी आवळला. मी त्यावर रुंद बिट फिरवून कागदाच्या जाडीइतकाही फरक राहणार नाही असा तासला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आई झेंडू आणि कुंकू घेऊन आली, चाचांना तिनं आवर्जून पुढे उभं केलं. टेबलाच्या लोखंडी कडेवर नारळ मी फोडला, एका घावात. पाणी फळ्यावर सांडलं, ते फडक्यानं टिपलं आणि खोबरं वाटलं. मी स्वतःवर फार खूष होतो.

पहिली ऑर्डर सदाशिव पेठेतल्या एका बाईंच्या स्वयंपाकघराची. कपाटांची अठरा दारं. नमुन्याची चार बघून बाई म्हणाल्या, "हा कोपरा दुसऱ्याच कुणी कोरलाय का?" प्रत्येक दाराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात खाच जाडजूड झाली होती.

मी भडकलो. यंत्र विकणाऱ्याला फोनवर झापलं, मग विजेच्या नावानं बोटं मोडली आणि शेवटी चाचांवर घसरलो. "तुम्ही फळा नीट आवळलाच नाहीत. डोळ्यांना दिसत नसेल तर तसं सांगा." हे वाक्य मी खरंच बोललो. चाचांनी पटाशी पुसली, पिशवीत ठेवली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

त्यांची चूक पकडायच्या ईर्ष्येनं मी फळ्याचा तो कोपरा उघडायला घेतला. स्क्रू निघता निघेनात, इतके घट्ट. सरळ पट्टी ठेवून पाहिलं, तर फळाच तिथे फुगून वर आला होता आणि फुगवट्याच्या कडेला कुंकवाचा ओघळ होता. एमडीएफ म्हणजे शेवटी दाबलेला भुसा. पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा खाली बसत नाही. दार तिथे उचललं जायचं, टोकदार बिट जास्त खोल शिरायचं आणि खाच रुंद व्हायची. म्हणजे यंत्र निर्दोष, वीज निर्दोष, चाचा निर्दोष. मला इतकी लाज वाटली की गाळ्यात एकटा असूनही मी इकडेतिकडे पाहिलं.

स्कूटर काढली आणि मोमिनपुरा गाठला. चाचा दारात चहा पीत बसले होते. मी माफी मागितली, मध्ये पणबिण न घालता. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पाणी सांडलं तेव्हाच," चाचा म्हणाले. "फळा वाळलाय आता. परत एकदा तासून घ्या, होईल सरळ."

"मग बोलला का नाहीत? एवढं ऐकून घेतलंत!"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या पूजेत मी खोट काढली असती, तर पुढच्या वर्षी आईंनी मला बोलावलं असतं?"

'हो' म्हणायला मला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात चाचांनी चपला घातल्या आणि पिशवी उचलली.