तेहतिसावा सेकंद

कनकाबाईंचं नाव निघालं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आधी ती त्यांच्यामुळे जायची, आता त्यांना काढणाऱ्यांमुळे जाते, एवढाच फरक.

आमचं ऑफिस दक्षिणेत, अड्यारला. ओरगडमच्या एका कारखान्यातल्या जुन्या प्रेससाठी, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रासाठी, मी सी भाषेत प्रोग्राम लिहीत होते. बाई बासष्ट वर्षांच्या, तंजावरी मराठी, 'आहे'ला 'अहे' म्हणणाऱ्या. सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे कंत्राटावर कोड तपासायला आल्या होत्या. त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही. तपासणीच्या फॉर्मवर प्रकल्पाचं नाव लिहायची जागा असते, तिथे बाई हिरव्या पेनाने प्रेस चालवणाऱ्या माणसाचं नाव लिहायच्या. "सुब्बा, दुसरी पाळी." ओरगडमला जाऊन विचारून आल्या होत्या. मला तो निव्वळ आगाऊपणा वाटायचा.

माझा कोड त्यांनी दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा, दहा घरांच्या ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, मी अकराव्या घरात लिहीत होते आणि शेजारची मेमरी बिघडवत होते. बरं, ती चूक होती, मानलं. पण दुसऱ्यांदा काय, तर मी कोडमधले शेरे दोन तिरक्या रेघा मारून लिहिले होते! कारखान्यातला कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, एकोणनव्वदच्या नियमांचा, त्याला म्हणे ते कळत नाही.

"अहो बाई, कुठल्या जमान्यात आहात?" मी भडकले.

"प्रेस ज्या जमान्यात अहे, त्याच," बाई म्हणाल्या आणि डबा उघडून दहीभात खायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी ऑफिसातली झाडून सगळी हत्यारं पूजेत मांडतात आणि विजयादशमीपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. प्रोग्राम ज्यावर चालतो तो, प्रेसमध्ये आहे तस्साच, एकुलता एक बोर्ड आमच्याकडे चाचणीसाठी होता. तोही पूजेत गेला. मीच चंदन-कुंकू लावून केळीच्या पानावर ठेवला. आणि आमचा मॅनेजर हरिप्रसाद, त्याला त्याच दुपारी कोड पाठवायचा होता, कारण विजयादशमीच्या मुहूर्तावर प्रेस नव्या प्रोग्रामने सुरू व्हायचा होता.

मी लॅपटॉपवर चालवून बघितलं. झकास चाललं. "बोर्डावर तपासलं असं लिहून टाक," हरिप्रसाद म्हणाला. आणि मी लिहिलं. हो, मीच लिहिलं!

बाईंनी फॉर्म वाचला. "बोर्ड तर सकाळपासून पूजेत अहे. तपासलंस कशावर?"

"लॅपटॉपवर चाललं म्हणजे तिथेही चालणारच. उगाच फाटे फोडू नका!"

बाई उठल्या. पूजेसमोर गेल्या, हात जोडले आणि बोर्ड उचलून त्यावरचे चुरमुरे झटकले.

"अम्मा, पूजा मोडलीत!" हरिप्रसाद ओरडला.

"पूजा हत्याराचीच ना? मग हत्यार काय करतं ते बघू."

प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा असतो. त्यात हात असेपर्यंत प्रेस बंद राहायला हवा. माझा प्रोग्राम हात किती मिलिसेकंद आत आहे ते मोजायचा, आणि आकडा शून्याच्या वर असेपर्यंत प्रेस अडवून धरायचा. बाईंनी बोर्डाला पडद्याचा नमुना जोडला आणि मला हात घालायला लावला. लाल दिवा लागला, म्हणजे प्रेस अडवलेला. लालच राहिला. तीस सेकंद झाले तशी मी त्यांच्याकडे बघून कुचकट हसले.

तेहतिसाव्या सेकंदाला दिवा हिरवा झाला. माझा हात आतच होता.

"तुझ्या लॅपटॉपचा इंट, आकडा ठेवायचा कप्पा, मोठा; ह्याचा लहान," बाई म्हणाल्या. "बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मोजतो, मग उण्यात जातो. पत्रा अडकला की सुब्बा मिनिटभर हात आत घालून सोडवतो. मी बघितलंय."

मी हात बाहेर ओढला. आणि तो हरिप्रसाद, लाज नाही लज्जा नाही, म्हणतो कसा, "तेहतीस सेकंद कोण हात ठेवतो? आत्ता पाठवा, पुढच्या वेळी सुधारू." बाईंनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा पूजेचा अपमान केला म्हणून त्याने सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

बाईंनी डबा पिशवीत घातला, हिरवं पेन माझ्या टेबलावर ठेवलं. "सुब्बाचं नाव खोडू नक्को," एवढंच म्हणाल्या.

जिना उतरतानाची त्यांची पावलं अजून ऐकू येत होती, तेवढ्यात हरिप्रसादने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "त्यांच्या जागी तू सही कर."

"करते," मी म्हटलं. "आधी ओरगडमला चला. सुब्बाच्या प्रेसमध्ये तुमचा हात ठेवा. तेहतीस मी मोजते."

हरिप्रसादने दोन्ही हात खिशात घातले. कोड गेला नाही.