डाव्या पायाचा ब्रेक

बेनेडिक्ट लुद्रिकचा मला राग येतो. तो राग आला की मागोमाग स्वतःचाही येतो, म्हणून हल्ली मी बाजारात जाताना त्याच्या गॅरेजचा रस्ता टाळतो. मालवणसारख्या गावात रस्ता टाळणं सोपं नाही. कुठूनही निघालात तरी तिथेच येता.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. त्या शेडीत बेनेडिक्ट मिस्त्रीने छत्तीस वर्षं बुलेट दुरुस्त केल्या. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणाची बुलेट रुसली की ती टेम्पोत घालून इथे यायची आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी जायची. मिस्त्री इंजिन उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहायचा. त्या वेळी कोणी बोललं तर त्याला शेडीबाहेर काढायचा, मग तो गाडीचा मालक का असेना. मी स्वतः दोनदा बाहेर उभा राहिलो आहे.

त्याची स्वतःची गाडी शहाऐंशी सालची. काळी, टाकीवर त्यानेच ब्रशने ओढलेली सोनेरी रेघ. ज्यांनी ती जुनी बुलेट चालवलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आजच्या गाड्यांना गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला असतो. जुन्या बुलेटला नेमकं उलटं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. पुढच्या चाकाचा ब्रेक हाताला असायचा, पण तो इतका बेताचा की जुनी माणसं त्याच्या वाटेला जायचीच नाहीत. "पुढचो ब्रेक शोभेक," मिस्त्री म्हणायचा. "बुलेट थांबता ती डाव्या पायान."

डिसेंबरात जुन्या गोव्याला फेस्त असतं, ख्रिस्ती लोकांची मोठी जत्राच. लग्न झाल्यापासून मिस्त्री दर वर्षी बायकोला, तेरेझाबायला, मागे बसवून बुलेटवरून फेस्ताला जायचा. हळूहळू मागून आणखी गाड्या लागल्या, हिंदूंच्याही लागल्या, आणि ती दहा-बारा जणांची रांगच झाली. आदल्या दिवशी सकाळी चर्चच्या दारात पाद्री गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि रांग सुटायची. पहिली गाडी मिस्त्रीची. हा कोणी केलेला नियम नव्हता, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

मग त्यात मी शिरलो. माझं नाव रविराज, तारकर्लीला माझं होमस्टे आहे. पुण्याकडचे लोक येतात, त्यांना समुद्र एका दिवसात पुरतो, दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न असतो. मी सहा टुरिंग गाड्या घेतल्या आणि मिस्त्रीच्या त्या रांगेला पाहुणे जोडून दिले. त्यांना जुनं सगळं आवडायचं. तपकिरी चामड्याचं जाकीट, गोल दिवा, इंजिनाचा तो धडधड आवाज. फक्त गाडी बंद पडलेली चालायची नाही, कंबर दुखलेली चालायची नाही, आणि हँडलवर मोबाइलचा नकाशा हवाच. माझ्या गाड्या अगदी अशाच होत्या. बाहेरून आजोबा, आतून नातू.

मिस्त्रीने पहिली गाडी पाहिली तेव्हा टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दिसूक जुनी होई. पण जुनी आसा ती कोणाक नको."

माझ्या गाड्या सांभाळायचा त्याचा मुलगा, मॅक्सवेल. शेडीला लागूनच त्याने स्वतःचं गॅरेज काढलं होतं, खाली फरशी, भिंतीवर टांगलेली हत्यारं, आणि गाडीला वायर लावून बिघाड वाचणारा लॅपटॉप. बाप ऐकून सांगायचा, मुलगा वाचून सांगायचा, आणि बहुतेक वेळा दोघांचं उत्तर एकच निघायचं. त्याचाच दोघांना राग. कमी बोलणारा पोरगा होता, पण हात सोन्याचा. बापाने हे तोंडावर कधी म्हटलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचा, "नवी गाडी आसा? मगे बाजूक जा. थय माज्यापेक्षा बरो मिस्त्री आसा."

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात पाहुण्यांना घेऊन आम्ही खारेपाटणपर्यंत गेलो होतो आणि तिथे मिस्त्रीची क्लच केबल तुटली. त्याने ती रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात लावली. पहिली दहा मिनिटं पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. नंतरची पन्नास मिनिटं ते माझ्याकडे बघत राहिले. परत आल्यावर मी मिस्त्रीला सांगितलं की फेस्ताला एक तर माझ्या नव्या गाड्यांतली एक घ्या, नाही तर जुनी घेऊन मागे राहा.

मला ठाऊक होतं तो मागे राहणार नाही. ठाऊक होतं म्हणूनच तसं बोललो.

"मिस्त्रीनू, दिसूक तर तीच आसा," असंही वर म्हणालो.

मॅक्सवेलने त्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड नवे घातले, सगळं तपासलं आणि बापाला म्हणाला, "पप्पा, दोन दिस बाजारात फिरव आधी. पाय बसूंदेत."

"दोन चाकांर तुका मिया बसवलंय," मिस्त्री म्हणाला. "आता तू माका शिकवतलंस?"

मी हसलो. मॅक्सवेल हसला नाही.

दोन डिसेंबरला सकाळी आम्ही निघालो. मिस्त्री पुढे, मागे तेरेझाबाय, निळी साडी, मांडीवर मेणबत्त्यांची पिशवी. चौके गेलं, नेरूरपार गेलं, गाडी लोण्यासारखी चालली होती. वालावलच्या फाट्याच्या अलीकडे उतार आहे. तिथे आडवाटेने एक रिक्षा अचानक रस्त्यावर आली. मी तिसऱ्या नंबरवर होतो. मिस्त्रीच्या गाडीचं इंजिन एकदम किंचाळलेलं मी ऐकलं, मागचं चाक वाकडं गेलं, पण गाडी थांबली नाही. रिक्षा कशीबशी सुटली. गाडी कडेच्या चरात गेली आणि तेरेझाबाय दगडावर पडली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. मिस्त्रीला नुसतं खरचटलं.

"ब्रेक लागलो नाय," तो उठता उठता म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. दुपारी पोलिसांपुढे तो शुद्ध मराठीत तेच बोलला, "साहेब, ब्रेक दाबला, पण लागलाच नाही."

ब्रेक कोणी बघितला होता? मॅक्सवेलने. कधी? दोनच दिवसांपूर्वी. एवढं गावाला पुरलं. ज्या पोराने आईचं हाड मोडलं त्याच्या हातात आपली गाडी कोण देणार? हळूहळू फरशीवरच्या गाड्या कमी झाल्या. मॅक्सवेल एकदाच बोलला, इस्पितळात, आईच्या खाटेजवळ, मी तिथे असताना. म्हणाला, "ब्रेक बरो हुतो." आणि बापाकडे बघत राहिला. बाप खिडकीबाहेर बघत होता.

माझ्या सहाही गाड्या मी जानेवारीत कुडाळला न्यायला लागलो. पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न, असं मी मॅक्सवेलला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आसा." मला तेव्हाच कळायला हवं होतं. चुकलेला माणूस इतकं थोडक्यात बोलत नाही.

मार्चमध्ये तो मस्कतला गेला. गाड्यांचं काम नव्हे, कुठल्याशा गोदामात खोकी मोजायचं काम. जाताना बाप त्याला सोडायला कुडाळ स्टेशनपर्यंतही गेला नाही. तेरेझाची काठी धरायला कोणीतरी घरी हवं, असं म्हणाला.

गणपती झाले आणि मॅक्सवेलचा निरोप आला की नाताळाला येत नाही, हत्यारं विकून टाका. मी बघायला गेलो. चांगली हत्यारं होती, पुसून तेल लावून ठेवलेली. मी मिस्त्रीला म्हटलं की कणकवलीचा एक जण घेईल, पण कोणाची आहेत हे त्याला सांगू नका, नाव ऐकलं तर मागे सरेल.

मिस्त्री खाली बसला. अगदी फरशीवर.

"रवी," तो म्हणाला, "ब्रेक लागलो नाय, कारण मिया तो दाबलंयच नाय."

मला आधी कळलंच नाही.

"डावो पाय दाबलंय. जीव खावन. तीनदा."

डाव्या पायाला गिअर होता. चौथ्यातली गाडी त्याने तीन लाथांत पहिल्यात आणली होती, आणि थांबत का नाही म्हणून आणखी दाबत राहिला होता. सकाळभर आठवणीने बरोबर चाललेला पाय घाबरल्यावर जुन्या सवयीवर गेला होता. उजवा पाय नुसता ठेवलेला. हाताचा ब्रेक तर त्याच्या लेखी शोभेचाच.

"दुसऱ्याची गाडी हातात घेतलंय काय माजे पाय जागे आसतत," तो सांगत होता. "नव्या गाडये मी काय थोडे चालवलंय? पण ही माका माजीच वाटली. टाकी तीच, दिवो तोच, आवाज तोच. पाय निजलो माजो."

"तुमका ह्या कधी कळला?"

"हॉस्पिटलात. तिसऱ्या दिसा."

तिसऱ्या दिवशी. म्हणजे मॅक्सवेलकडे तेव्हा फरशीभर गाड्या होत्या. माझ्याही होत्या. मला इतका संताप आला की हातातला पाना मी खाली आपटला. "मगे बोललात नाय कित्याक?"

"लुद्रिक मिस्त्रीचो पाय चुकलो असा म्हटल्यार मी कोण रवलंय रे? आज सांगतंय, उद्या सांगतंय, असा करता करता तो गेलो."

मागून काठी वाजली. तेरेझाबाय दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माका कित्याक बघतंस?" ती म्हणाली. "छत्तीस वर्सां तुज्या पाठीक बसलंय. तू खंयचो पाय दाबतंस ता माका कमरेत कळता."

"आणि तू गप रवलंस?"

"मी सांगून काय उपयोग? तेका तुज्या तोंडातसून आयकाचा हुता."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लावा. मीच लावून दिला आणि आवाज मोठा केला. पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

"मॅक्सा, पाय माजो चुकलो रे."

"ठावक आसा, पप्पा."

मिस्त्रीने फोन दोन्ही हातांनी धरला.

"गाडी चरातसून मियाच येवन वर काढलंय," मॅक्सवेल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "पयल्या गिअरात हुती. उतारार तेवढ्या स्पीडात पयल्या गिअरात कोण येता? तेव्हाच कळला माका."

"मगे तू बोललंस नाय कित्याक?"

"तू बोलतलंस म्हणान वाट बघलंय. तीन म्हयने बघलंय."

"आता ये. मी सगळ्यांका सांगतंय. ये तू."

पलीकडे आणखी एक खोकं सरकलं. मग तो म्हणाला, "हय माका कोण इचारणा नाय तू कोणाचो झिल म्हणान. बरा वाटता. हत्यारां इकून टाक, पप्पा." आणि आईची विचारपूस करून त्याने फोन ठेवला.

मिस्त्रीने शब्द मात्र पाळला. पुढच्या रविवारी मिसाची प्रार्थना संपल्यावर तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला. मी मुद्दाम गेलो होतो, तो माघार घेतो का बघायला. त्याने माघार घेतली नाही. सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्याने म्हणाला, "ब्रेक बरो हुतो. माज्या झिलाची कायेक चूक नाय. पाय माजो चुकलो."

मग शाळेतल्या जॉयसी टीचरनी डोळ्यांना रुमाल लावला. "बापाचा काळीज ह्या," त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या. "झिलाचो दोष आपल्या अंगार घेतल्यान."

"तसा नाय," मिस्त्री म्हणाला. "आयका माजा. खरोच माजो पाय..."

दर वर्षी आमच्या रांगेत असणारा सॅविओ पुढे झाला आणि त्याने म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "पुरे, मिस्त्रीनू. आमका कळता. त्या पोराक तुमची किंमत नाय, पण आमका आसा."

मी पुढे होऊन सांगितलं की हे खरं आहे, मी स्वतः फोनवर ऐकलंय. सॅविओने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही मिस्त्रीचाच माणूस, मी दुसरं काय बोलणार?

लोक एकेक करून आले, कोणी हात हातात घेतला, कोणी नुसती मान लववली. मिस्त्री प्रत्येकाला तेच सांगत होता, आणि जितकं सांगत होता तितका तो त्यांच्या नजरेत मोठा होत होता आणि मस्कतला खोकी मोजणारा पोरगा लहान. त्या आठवड्यात मिस्त्रीच्या शेडीत दुरुस्तीला चार गाड्या जास्त आल्या.