स्टेशनचं माहेर

आमच्या घरात रेल्वेवरून भांडण होईल असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. आमच्याकडे भांडणं बांधावरून झाली, वाटणीवरून झाली, आणि लग्नात कोणाला आधी कुंकू लावलं यावरून तर अजूनही होतात. पण स्टेशनच्या पाटीवरून भाऊ आणि बहीण एकमेकांशी बोलायचे बंद झाले, हे पहिल्यांदाच.

भाऊ म्हणजे माझे बाबा आणि बहीण म्हणजे माझी एकुलती एक आत्या. दोघंही सत्तरीच्या पुढची. दोघांचे आवाज या शेतातून त्या शेतात हाका मारून तयार झालेले, त्यामुळे ती लाडात बोलत असली तरी माझ्या बिल्डिंगमधले लोक दार उघडून बघतात. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे, पनवेलच्या एस.टी. स्टँडमागच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि लिफ्टला रोज शिव्या देतात.

आमचा पाडा होता मूठभर घरांचा. समोर भाताची शेतं, शेतांपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे मोठं गाव. त्या गावात आत्याला दिली. माहेरच्या ओट्यावरून हाक मारली तर सासरी ऐकू जाईल एवढंच अंतर. पनवेलहून नवी लाईन निघाली आणि नेमकी पाड्यावरून गेली. स्टेशन, स्टेशनचा रस्ता, पार्किंग, या सगळ्यात शेतं तर गेलीच, घरंही गेली. माणसं पांगली. कोणी पनवेलला, कोणी तळोज्याकडे, कोणी थेट उरणला. पलीकडचं गाव मात्र शाळा, देऊळ आणि ग्रामपंचायतीसकट जागच्या जागी राहिलं.

मग नावाचा प्रश्न आला. हल्ली स्टेशनला नाव देताना काय बघतात देव जाणे. बेलापूरहून तळोज्याकडे मेट्रो धावू लागली तेव्हा काही स्टेशनांच्या नावात चक्क सेक्टरचे आकडे आले. शाळेतल्या हजेरीसारखं वाटतं मला ते. आमच्या स्टेशनला आकडा मिळू नये यावर सगळ्यांचं एकमत होतं. नाव कोणाचं, यावर नव्हतं. मोठ्या गावाने समिती केली, मोर्चा काढला, निवेदनं दिली. समितीच्या पुढे कोण? आत्याचा थोरला मुलगा. म्हणजे माझा आत्येभाऊ, बाबांचा लाडका भाचा, ज्याला बाबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

बाबा तडक आत्याच्या घरी गेले. मी बरोबर होते. आत्याने पानं वाढली होती, वालाचं बिरडं आणि भाकरी. बाबांनी घासही न घेता सुरुवात केली.

"तुमचा गाव हाय तिथंच हाय. त्याला पाटी कशाला पायजे? आमचा पाडा तर कुठंच नाय उरला. नाव तरी ठेवा त्याचं. सांग तुज्या पोराला."

"आता पोरं माजं आयकतात का, दादूस?" आत्या म्हणाली. "आनि गावाला मी काय तोंड दाखवू? मी त्यांची सून हाय."

तेव्हा बाबा बोलू नये ते बोलले. "मग तू आमची कोन? कोनीच नाय?"

आत्या उठून आत गेली ती बाहेर आली नाही. बिरडं ताटात तसंच राहिलं.

त्यानंतर पाटी लागली, मोठ्या गावाच्या नावाची. बाबांनी जाहीर केलं की त्या स्टेशनात पाय ठेवणार नाही. रस्त्याने तिकडून जायची वेळ आली की ते रिक्षात मान फिरवून दुसरीकडची गटारं बघत बसायचे. आत्याचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा. "दादूस जेवला का? खोकला कसा हाय?" बाबा शेजारीच बसलेले असायचे आणि मला सांगायचे, "सांग, बरा हाय." दोघांना एकमेकांचं सगळं हवं होतं, फक्त बोलायचं नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांची दयाही यायची. या वयात अबोला धरायचा म्हणजे किती दिवस हातात आहेत असं समजतात ही माणसं?

पहिली गाडी यायच्या आदल्या दिवशी आत्याने मला बोलावलं. "तू ये. दादूस नाय आला तरी चालंल." याचा अर्थ, त्याला घेऊन आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मला तेवढं स्टेशनपर्यंत सोडा. बाबा नवा सदरा घालून निघाले. नुसतं सोडायला नवा सदरा कशाला, हे मी विचारलं नाही.

स्टेशनात ताशे, झेंडूच्या माळा, फोटो काढणारी गर्दी. बाबा बाहेरच्या चहाच्या टपरीवर स्टेशनकडे पाठ करून बसले. आत्येभावाने मोठी शक्कल लढवली होती. आपली आई या जमिनीची लेक आणि गावाची सून, तेव्हा गाडीला ओवाळायचा मान तिला दिला की दोन्ही बाजू खूश. आत्या हिरवं लुगडं नेसून, ताट घेऊन आली. गाडी आली, ताशे वाढले, मोटरमन खिडकीतून हसला. आत्याने गाडीला झटपट ओवाळलं, दिवा माझ्या हातात दिला आणि वळून फलाटाच्या टोकाकडे निघाली, जिथे दोन खांबांवर नावाची मोठी पाटी उभी आहे. तेव्हा मी ताटात नीट पाहिलं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ती ओटी होती.

आत्याने खांबाला हळदकुंकू लावलं. बुंध्याशी नारळ आणि तांदूळ ठेवले, खण खांबाला बांधला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक पोलीस पुढे आला, त्याला आत्येभावाने हाताने थांबवलं. आणि मग आत्या पाटीशी बोलली, तिच्या त्या शेतातल्या आवाजात.

"बाय, तू आमच्या पाड्याची. हितंच जनमलीस. आता तुला या गावाला दिली. नाव बदललं, त्याचा वाईट वाटून घेव नको. माजं बी बदललं. ताटात तांदूळ पसरले, त्यात नवा नाव लिवला, नि मना कोनी इचारला बी नाय. पन कोनाची लेक म्हनून इचारलं तर मी आजून पाड्याचाच नाव सांगते. तू बी सांग."

आणि तिने पाड्याचं नाव घेतलं. मोठ्याने, तीनदा.

ताशे कधी थांबले मला कळलं नाही. हसणाऱ्या बायका आता डोळे पुसत होत्या. त्या सगळ्या कुठून ना कुठून दिलेल्याच होत्या. मी मागे पाहिलं, तर फलाटावर, गर्दीच्या कडेला बाबा उभे होते. पाय न ठेवणारे बाबा. रडत होते, आणि लपवतही नव्हते.

आत्याने त्यांना पाहिलं. "पाठराखा कोन हाय लेकीचा?" तिने विचारलं. आमच्यात नवी नवरी सासरी जाते तेव्हा माहेरचं एक माणूस तिच्याबरोबर जातं, आणि ती तिथे रमेपर्यंत राहतं. त्याशिवाय पाठवणी होत नाही.

"मी हाय ना," बाबा म्हणाले. "मी चुकीचा बोललो, बाय. तू आमचीच."

त्या दुपारी बाबा आत्याच्या घरी गेले. मी एकटीच गाडीने पनवेलला परत आले. त्यांचे कपडे माझ्याकडेच आहेत. तिकडे ते भाच्याचे सदरे घालतात, रोज सकाळी बहिणीबरोबर स्टेशनात जाऊन पाटीखालच्या बाकावर बसतात, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला इथे आधी काय होतं ते सांगतात. काल मी फोन करून विचारलं, बाबा, घरी कधी येताय?

"येवढ्यात कसा येव?" ते म्हणाले. "लेक आजून रमली नाय."